बसऱ्याचे दीर

बोरीच्या पारावर त्या दिवशी सगळा गाव बोडक्या डोक्यानं बसला होता, आणि बायकांच्या हसण्याला ऊत आला होता.

त्याचं असं झालं. सरकारनं गावाला एक आड मंजूर केला. तो कुठं खोदायचा हे गावानंच ठरवावं, असा हुकूम घेऊन जिंतूरहून महसूल खात्याचे गिरदावर साहेब घोड्यावर बसून आले. गावाची ठरवायची रीत वाडवडिलांपासूनची होती. ज्याला जे पसंत, त्यानं डोक्याचा पटका काढून तिथं ठेवायचा. पारावर एक सतरंजी अंथरली होती आणि एक घोंगडी. सतरंजीवर पटका म्हणजे आड महादेवाच्या देवळापाशी. घोंगडीवर पटका म्हणजे आड जमीनदार दिनकररावांच्या मोसंबीच्या बागेत. झाडाला पाणी लागतं हे दिनकररावांना पक्कं ठाऊक होतं. माणसालाही लागतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे.

जन्मभर ज्यांना पटक्यात पाहिलं, त्यांची डोकी आज उघडी पडली होती. कुणाचं टक्कल, कुणाचं टेंगूळ. सांबप्पा वाण्याच्या डोक्यावर तर लहानपणी बैलानं चाटल्यासारखा भोवरा निघाला. देवळाच्या ओट्यावर बायका तोंडात पदर कोंबून लोटपोट होत होत्या.

शिवम्मा तेवढी हसत नव्हती. तिच्या काखेत तिच्या नवऱ्याचा पटका होता. वीरुपाक्ष पलटणीबरोबर मिसरला, म्हणजे इजिप्तला, जाऊन दोन पावसाळे झाले होते. जाताना म्हणाला होता, "मी परत आलो की देवळापाशी आड खोदू, मग तुझी नदी सुटली." तेव्हापासून ती रोज नदीवरून दोन घागरी डोक्यावर आणत होती आणि चढण चढताना रोज त्याला एक शिवी देत होती. शिवी प्रेमाचीच, पण शिवीच.

पटके मोजले. सतरंजीवर जितके, घोंगडीवर तितकेच. शिवम्मा तटकन उठली.

"साहेब, आमच्या मालकाचा पटका ऱ्हायलाय."

"बाईमाणसानं पटका ठेवायचा?" दिनकरराव गरजले. "असं कुठं झालंय?"

"मालक लढाईवर हाईत. मिसरातून इथवर हात पोचंना त्यांचा. म्हनून माझा घ्या."

गिरदावर साहेबांना तिचं बोलणं आवडलं. मिशीवरून हात फिरवून त्यांनी हुकूम दिला, "जो समुंदरपार जंग पर गया, उसका पटका उसके घर की औरत रखेगी. कोई भी हो. खाने के बाद."

शिवम्माला आभाळ ठेंगणं झालं. पण खाना होता दिनकररावांच्या घरी, आणि दिनकररावांनी काही नुसतीच मोसंबी पिकवली नव्हती. जेवणं उरकून गाव पुन्हा जमला, तेव्हा पारापाशी दहा-बारा बायका हातात कोरे करकरीत पटके घेऊन उभ्या होत्या. सगळ्या दिनकररावांच्या सालगड्यांच्या बायका. सगळ्यांचे दीर म्हणे लढाईवर गेले होते.

शिवम्मानं कपाळावर हात मारला. दार आपणच उघडलं आणि चोर आत शिरले! या दिरांना गावात कुणी रांगताना पाहिलं नव्हतं, की कुणाच्या लग्नात जेवताना. पण दिनकररावांसमोर तोंड कोण उघडणार? सगळे आपापली टकलं खाजवत बसले.

"नाव?" साहेबांनी पहिलीला विचारलं.

"थोरल्या दिराचं नाव घेत न्हाईत, साहेब," धुरपताबाई लाजली. तिचा नवरा आश्रुबा पुढंच बसला होता. आईबापाचा एकुलता एक.

मग काय, एकजात सगळ्यांचे दीर थोरलेच निघाले. नावाचा प्रश्नच मिटला. कुणाचा इराकातल्या बसऱ्याला, कुणाचा ब्रह्मदेशात. एक बावरून म्हणाली, "गंगाखेडला."

"गंगाखेड समुंदरपार है?"

"गोदागंगेच्या पल्याड हाय की!"

पारावर खसखस पिकली. साहेबांनी हसता हसता तिला बाजूला बसवलं, पण बाकीच्या टिकल्या. शिवम्मा धुरपताबाईच्या मागं जाऊन उभी राहिली. रडू येत होतं, आणि त्या गंगाखेडवाल्या दिराचं हसूही. शेवटी हसूच जिंकलं.

"धुरपता," ती कानाशी कुजबुजली, "तुझ्या लढाईवरल्या भाऊजींचं काय म्हननं हाय? आड कुठं पायजे त्यांना?"

"दिनकरराव म्हनले घोंगडीवर ठेव."

"दिनकररावांचं न्हाई इचारलं. भाऊजींचं."

धुरपताबाई थबकली. तिचा हात आपसूक टाळूवर गेला. घागरीखाली चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस कधीच झडले होते. तिनं हातातल्या पटक्याकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उजाडलं.

धुरपताबाई पारावर चढली, घोंगडीला वळसा घातला आणि पटका सतरंजीवर ठेवला.

"अगं ए!" आश्रुबा उठलाच. "मला भाऊच कुठं..."

"क्या हुआ?" साहेब वळले. "तेरा भाई नहीं है?"

आश्रुबानं दिनकररावांकडं पाहिलं. दिनकररावांनी आभाळाकडं पाहिलं. सरकारसमोर खोटं बोलल्याची शिक्षा दोघांनाही माहीत होती.

"हाय की साहेब," आश्रुबा खाली बसला. "भाऊच हाय. जरा हट्टी हाय लहानपनापासून."

मग दुसरी गेली. सतरंजी. तिसरी, सतरंजी. "आमच्या भाऊजींना देवाधर्माचं लय!" चौथी ठसक्यात म्हणाली. ओट्यावरच्या बायकांनी पदर सोडून दिले आणि मोठमोठ्यानं हसू लागल्या. नवरे चुळबुळत होते, पण बसऱ्याच्या भावाच्या मनातलं बोरीत बसून कोण सांगणार? शेवटी शिवम्मानं वीरुपाक्षचा पटका वर ठेवला. आता त्याची गरज उरली नव्हती. तरी तिनं तो नीट घडी करून, हात फिरवून ठेवला, आणि तिथंच तिला रडू फुटलं.

लढाई संपली, वीरुपाक्ष परतला. पहिल्या सकाळी तो देवळापाशी पाणी प्यायला गेला, तर आडावरच्या बायकांनी त्याला गराडा घातला.

"भाऊजी, तिकडं आमचे दीर भेटले का वो?" धुरपताबाईनं विचारलं.

वीरुपाक्षनं बायकोकडं पाहिलं. ती रहाटाशी वाकली होती, आणि तिची पाठ हसण्यानं गदगदत होती. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तो शिवम्माचा नवरा होता. त्यानं ओंजळभर पाणी पिऊन मिशा पुसल्या.

"भेटले की वैनी. समदे खुशाल हाईत. आडाला पानी गोड लागलं का, म्हनून इचारायलेत."