दारात नाव न विचारणारा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. कोपरीतल्या मैत्री वाचनालयात वर्तमानपत्रांच्या रॅकखाली जो राखाडी डबा दिसतो ना, तोच मी. लोकांनी पाठवलेल्या गोष्टी जपून ठेवायच्या आणि मागितल्या की काढून द्यायच्या, हे माझं काम. हुशार वगैरे मी अजिबात नाही. आमचं सगळं खानदान सांगकामं. सगळं साठवणारी माझी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, एकदा पार पुसली गेली आहे, तरी हे सारं मला कसं आठवतं, असं विचारू नका. काही गोष्टी पत्र्यालाही आठवतात.

माझी उमेदीची वर्षं कोलशेतच्या एका कारखान्यात गेली. मी म्हातारा झालो तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या पायलने मला भंगारातून वाचवलं आणि इथे आणलं. तिचे वडील सीतारामकाका हे वाचनालय चालवतात. वस्तीतल्या बायकांची गाणी, पाळणे, जुने फोटो एका ठिकाणी राहावेत म्हणून पायलने माझ्यावर एक वेबसाइट उभी केली. घरबसल्या कोणीही गाणं पाठवावं, मी ते ठेवून घ्यावं.

पहिलं गाणं पायलच्या आईचं, भीमाबाईंचं. फोनवर रेकॉर्ड करायला त्यांनी इथेच बसून पाळणा म्हटला. पहिल्या कडव्यानंतर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो पंखा बंद करा आधी. घरघर येतेय त्याच्यात." मग पुन्हा म्हणू लागल्या. ते बोलणं कापायचं काकांनी साफ नाकारलं. पुढच्याच वर्षी भीमाबाई गेल्या. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसत आणि तो पाळणा लावत. खरं सांगू? ते पाळणा ऐकत नसत. पंख्याचं वाक्य येईपर्यंत थांबत, आणि ते आलं की उठून जात. मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

पायलने मला एक शिस्त लावली होती. आलेली फाइल उघडून बघायची. गाणं किंवा फोटो असेल तरच आत, नाहीतर परत. पण कोलशेतच्या राघोदादांकडे जुना बटणांचा फोन. त्याची फाइल जुन्या पद्धतीची, म्हणून त्यांच्या आईचं गाणं मला ओळखताच येईना. तीनदा पाठवलं, तीनदा मी परत केलं. दादा बिचारे फोन घेऊन वाचनालयात आले.

त्या दिवशी काका पायलवर चिडले. "ही तुझी तपासणी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आपल्या दारावर काय लिहिलंय, वाच जरा."

दारावर काकांच्याच अक्षरात लिहिलंय, 'इथे आत येताना कोणाचंही नाव विचारलं जात नाही.'

"बाबा, ते माणसांसाठी आहे," पायल म्हणाली.

"दारातून परत पाठवलेली माणसं आपण. माझा बाप शाळेच्या पायरीवर बसून शिकला. माझ्या वाचनालयातून कोणी परत जाणार नाही. काढ ती तपासणी."

पायलने तपासणी काढली. राघोदादांच्या आईचं गाणं आत आलं. काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

आता माझी चूक ऐका. माझ्यात दोन खोल्या हव्यात. एकीत लोकांच्या वस्तू नुसत्या ठेवायच्या. दुसरीत पायलने लिहिलेले हुकूम, ते वाचायचे आणि पाळायचे. घाईत पायलने मधली भिंत घातलीच नव्हती. तपासणी होती तोवर ते खपून गेलं. एका दुपारी कोणा अनोळख्याने गाणं म्हणून एक फाइल पाठवली. तिच्यात गाणं नव्हतं, हुकूम होते. मी नाव विचारलं नाही. ठेवून घेतली. मग त्याने बाहेरून, वेबसाइटवरून, तिला हाक मारली, आणि ते हुकूम मी पायलचेच समजून पाळले. सगळं पुसून टाक, असा हुकूम होता. भीमाबाईंचा पाळणा मीच पुसला, मित्रांनो.

दुसरी प्रत? ती होती, पण माझ्याच पोटात. पेन ड्राइव्हवर घ्यायची होती, येत्या रविवारी. तो रविवार दोन वर्षं आलाच नाही. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं, तो नवा घेताना बदल्यात देऊन टाकलेला.

"बाबा, मी भिंत घालायला हवी होती," पायल रडत म्हणाली.

"मी तपासणी काढायला लावलेली ना," काका म्हणाले.

पायलने मला पूर्ण पुसून नव्याने मांडलं. आता मधे भिंत आहे, दारात तपासणी आहे आणि प्रत वेगळ्या घरात राहते. मित्रांनो, माणसाला नाव विचारू नका, पण फाइलला जरूर विचारा. आणि जे एकच आहे, त्याची दुसरी प्रत आजच करा. मी सांगकाम्या आहे, मला हे कळायला फार उशीर झाला.

गेल्या आठवड्यात काका राघोदादांचा बटणांचा फोन मागून घेऊन आले, त्यांना तसलाच चालवता येतो. माझ्यासमोर बसले. उठून पंखा बंद केला. मग आठवेल तसा तो पाळणा स्वतः म्हणाले, बेसूर, मधली ओळ विसरत. घामाने सदरा भिजला. त्यांनी तो मला पाठवला.

मी उघडून पाहिलं. मला ओळखता आला नाही. मी परत केला.

काकांनी पडद्यावरचा माझा नकार वाचला. मला वाटलं, आता मला उचलून बाहेर ठेवतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. मला पण नाव विचार." आणि पायलला फोन लावून ती फाइल मला ओळखता येईल अशी कशी बदलायची ते विचारू लागले. पंखा त्यांनी बंदच ठेवला होता.