अंगठ्याएवढा पाइप

सकाळचा चहा अर्धा टाकून मेस्त्रीनं पिकअपचं बॉनेट उघडलं, तेव्हाच बायकोनं ओळखलं की आज हा माणूस कुणाशी सरळ बोलणार नाही. दुःख झालं की कुणी दारू जवळ करतं, कुणी भिंतीकडे तोंड करून पडतं. मेस्त्री बॉनेटखाली शिरतो. मुलगा गेला तेव्हा त्यानं न विचारता शेजाऱ्याच्या गाडीचं अर्धं इंजिन खोलून ठेवलं होतं. शेजारी बिचारा कितीतरी दिवस पायी कामावर जात राहिला, पण त्यानं चकार शब्द काढला नाही.

आज कुणी मेलं नव्हतं. आज सून जायची होती.

बरं, तिला हाकललं कुणी? यानंच. मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता माहेरी जाईल. ती गेली नाही. महिन्याभरात तिनं नवऱ्याची पिकअप अंगणातून बाहेर काढली आणि त्याचाच धंदा पुढे चालू केला, खिडक्यांच्या काचा दुकानातून घरोघर पोचवायचा. मागच्या हौद्यात लाकडी घोडी, तिला टेकवून काचा उभ्या, मध्ये जुन्या गोधड्या. मुलगा हयात असताना आठवड्याला एखादी तरी काच फुटायची. हिच्या हातून एकही फुटली नाही. मेस्त्री हे गावभर सांगायचा आणि मग स्वतःच्या मुलाची बदनामी केल्यासारखं वाटून गप्प व्हायचा.

आणि एके दिवशी जेवताना तोच म्हणाला होता की पोरी, तू दुसरं लग्न कर, आम्ही काही जन्माला पुरणार नाही. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. ती आधी रडली, मग चिडली, मग वर्षभर त्या विषयाचं नाव काढलं नाही. आणि मग डोंगरापलीकडच्या शहरातला, दवाखान्यात एक्स-रे काढणारा एक माणूस भेटला. तोही बायको गमावलेला. नाकासमोर चालणारा, हळू बोलणारा. मेस्त्रीनं त्याच्यात खोट शोधायचा जिवापाड प्रयत्न केला. सापडेना, तेव्हा तो बायकोला म्हणाला की ज्या माणसाला गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे माहीत नाही, तो संसार काय करणार. बायको म्हणाली की तुम्हाला बॉनेट उघडता येतं, पण म्हणून तुम्ही संसार फार मोठा केलात असं नाही.

पिकअप सुनेलाच द्यायची हे आधीच ठरलं होतं. तिकडेही काचांचं दुकान होतं, काम मिळणार होतं. लग्न आठवड्यावर आलं होतं; तोवर ती तिकडे त्याच्या आईजवळ राहणार होती. तिनं दोघांनाही या म्हणून सांगितलं, तर मेस्त्री म्हणाला, यायला गाडी कुठाय? गाडी तर तीच घेऊन चालली होती.

पण रस्ता डोंगराचा, चढ लांबलचक, आणि गाडीचे पाण्याचे पाइप कंपनीतून आले तेव्हाचेच. रेडिएटरमधलं कूलंट इंजिनात नेणारे-आणणारे ते रबरी पाइप चढावर फुटले, तर इंजिन गरम होऊन कामातून जातं. म्हणून आज ते सगळे बदलायचे.

सून शेजारी येऊन उभी राहिली. इंजिन रात्रभराचं थंड होतं. त्यानं तिचा हात धरून वरच्या जाड पाइपावर ठेवला.

"मध्ये दाबू नकोस, तिथं सगळेच बरे लागतात. क्लिपेजवळ दाब."

तिनं दाबला. मधला भाग कडक होता, टोकाला मात्र बोट आत गेलं. जास्त पिकलेल्या केळ्यासारखं लागलं, ती म्हणाली. मेस्त्रीला उत्तर आवडलं. रबर आतून सडतं, त्यानं सांगितलं; वरून बघशील तर काळंभोर, चकचकीत. वरून कीर्तन आतून तमाशा. फुगलेला, तेलानं चिकट झालेला, भेगा पडलेला, क्लिपेपाशी पांढरट खार धरलेला, असा कुठलाही दिसला की विचार करत बसायचं नाही. आणि हे सगळं इंजिन थंड असताना. गरम इंजिनात हात घालशील तर हाताची साल निघेल, एवढं त्यानं तिला दोनदा बजावलं.

मग दोघांनी काम काढलं. कूलंट बादलीत उतरवलं. वरचा पाइप रेडिएटरच्या तोंडाला असा चिकटला होता की सून तो पिळून ओढायला लागली; मेस्त्रीनं तिला थांबवलं, ब्लेडनं उभी चीर दिली आणि पाइप सालीसारखा सोलून काढला. जोरानं ओढलं की रेडिएटरचं तोंडच तुटतं. नव्या पाइपात क्लिप आधी सरकवायची, मग पाइप बसवायचा. हे विसरणारे महाभाग त्यानं गॅरेजात आयुष्यभर पाहिले होते, त्यांतला एक त्याचा मुलगा. ती हसली. मेस्त्रीही हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की ही उद्या या वेळी इथं नसणार. त्यानं पुढचं बरंच काम खाली मान घालून केलं.

दुपार होत आली तेव्हा वरचा, खालचा आणि हीटरचे दोन्ही पाइप झाले होते. त्यानं सुनेला हात धुऊन जेवायला बसायला सांगितलं. एकच राहिला होता, थर्मोस्टॅटच्या खाली, लोखंडी पट्टीच्या आड लपलेला, अंगठ्याएवढा; सकाळी त्यानं सुनेला त्याची नुसती जागा दाखवली होती. तो दिसत नाही, म्हणून शंभरातले नव्वद मेकॅनिक तो बदलतच नाहीत. मेस्त्रीनं बोट घालून दाबला. लोण्यासारखा मऊ.

आणि तिथं त्याचा हात थांबला.

हा पाइप डोंगर चढून वर पोचणार नव्हता, हे त्याला स्पष्ट कळलं. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा वर जाईल. पोरगी हुशार आहे, काटा बघून लगेच गाडी बाजूला घेईल, इंजिनाला काही होणार नाही. मग ती कुणाला फोन करेल? एक्स-रेवाल्याला? तो काय पाइपाचा फोटो काढणार आहे? ती फोन करेल बाबांना. मग बाबा कुणाच्या तरी टेंपोतून तिथं जातील, गाडी ओढून घरी आणतील, आणि काम दोन दिवस चालेल. तीन दिवससुद्धा चालवता येईल.

त्यानं पट्टी परत लावली. नवा पाइप सदऱ्याच्या खिशात टाकला. कूलंट भरलं, इंजिन चालू करून बुडबुडे जाऊ दिले, आणि आत येऊन म्हणाला, झालं सगळं.

जेवताना सून सासूला सांगत होती की बाबांनी हात लावलाय, आता वर्षभर मला बॉनेट उघडायला नको. सहज म्हणाली ती, ताटाकडे बघत. आयुष्यात मेस्त्रीनं गिऱ्हाइकाशी कामचुकारपणा केला नव्हता, असं तो सांगायचा आणि ते खरंही होतं. आणि आज केला तो कुणाशी, तर घरात उरलेल्या एकुलत्या एक लेकराशी.

सून बॅगा भरायला आत गेली. बायकोनं त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

"जादा आलाय एक."

मेस्त्रीच्या बायकोला जादा काय येतं आणि काय येत नाही हे चांगलं ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

"मलासुद्धा वाटतं हो तिनं राहावं," ती म्हणाली. "पण रस्त्यात अडकवून?"

मेस्त्री उठला. सुनेनं विचारलं तर एक क्लिप ढिली वाटतेय म्हणाला. नुकतंच भरलेलं कूलंट त्यानं पुन्हा बादलीत उतरवलं, पट्टी काढली, त्या अडचणीत बोटं सोलून घेतली आणि तो मऊ पाइप ओढून काढला. नवा बसवताना त्याला नीट दिसत नव्हतं. नवा पाइप आत सरकला, क्लिप आवळली गेली, आणि आता ही गाडी कुठंच थांबणार नाही हे त्याला कळलं. आपण तिला घालवण्यासाठी जे जे करायचं ते सगळं केलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

उन्हं कलायच्या आत ती निघाली. सासूला मिठी मारून रडली. मेस्त्रीच्या पाया पडायला वाकली तेव्हा तो टायरची हवा बघतोय असं दाखवून बाजूला झाला, कारण तिला उठवताना तो कोसळला असता. गाडी कोपऱ्यावरून वळली. मग बराच वेळ तो अंगणातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला.

दिवेलागणीला फोन आला. बायकोनं तो दोघांनाही ऐकू येईल असा मध्ये ठेवला. पोचले, सून म्हणाली. खोली मोठी आहे. हे स्वयंपाक करून वाट बघत होते.

"काटा?" मेस्त्रीनं विचारलं.

"मधोमध. जरासुद्धा हलला नाही."

"मग झालं तर."

"बाबा, चढावर मी थांबले होते. बॉनेट उघडलं. सगळे पाइप दाबून बघितले, पार आतला तो छोटासुद्धा. हात भाजला."

"गरम इंजिनात हात घालू नकोस म्हणून सकाळी किती वेळा सांगितलं? आणि बघायचं काय होतं त्यात? काटा तर हलला नव्हता."

"वाटलं, एखादा तरी मऊ लागेल," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला फोन करून बोलावलं असतं. एक तरी जुना ठेवायचा होतात हो, बाबा."

मेस्त्रीनं तिला भाजलेल्या हातावर गार पाणी सोडत राहायला सांगितलं, मलम लाव म्हणाला, दवाखान्यातल्या माणसाच्या घरी मलम असेलच म्हणाला. मुलगा गेला तेव्हाही जो रडला नव्हता, तो आता फोनसमोर बसून मोठ्यानं रडला. पलीकडे ती रडत होती आणि शेजारी बायको, आणि फोन कुणी ठेवायचा हे तिघांपैकी कुणालाच सुचत नव्हतं.