रात्रपाळीच्या घरातली कविता

शाळांमध्ये मानसतज्ज्ञ म्हणून काम करायला निघालेल्यांना सुमनताई सामाजिक न्याय शिकवत. निगडीत, एसी हॉलमध्ये. त्यांच्या स्लाइडमध्ये आदिवासी पाडा होता, ऊसतोडीच्या कोप्या होत्या, अलास्काचे मच्छीमारसुद्धा होते. जवळचीच, कारखान्यांच्या कामगारांची कुरुळी तेवढी राहून गेली होती.

त्याच कुरुळीच्या शाळेतल्या दिव्या नावाच्या मुलीचं प्रकरण ताईंच्या हाताखालच्या शिकाऊ मिनलकडे आलं. पहिलीतली पोर, परभणीकडची. वर्षभरात वर्गात कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"विशेष शाळेत पाठवू. सोमवारी सही करते," ताई म्हणाल्या. आवाज असा, की शेजारच्या वर्गाचंही समुपदेशन व्हावं.

"ताई, आधी एकदा तिच्या घरी जाऊ या?"

"पालकांनी शाळेत यायचं असतं, मिनल."

"वडील रात्रपाळीला असतात. दिवसा झोपतात." मिनल चाचरली. "माझेही झोपायचे. दापोडीत, एकच खोली. आम्ही भावंडं भांडायचोसुद्धा कुजबुजत."

ताईंनी पर्स उचलली. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

दिव्याच्या आईने ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. आत भर दुपारी पडदा ओढलेला. वडील, ज्योतीराम, भिंतीकडे तोंड करून पडलेले. कोपऱ्यात दिव्या शाळा-शाळा खेळत होती. बाई तीच, मुलंही तीच. पाढे, कविता, रागावणं, सगळं अखंड चाललेलं, पण कुजबुजत.

ताई जमिनीवर बसल्या. "मला घेशील वर्गात?" त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मिनलला माहीत नव्हतं. बहुधा ताईंनाही.

"घेते," दिव्या कुजबुजली. "पण मधी मधी बोलायचं नाही."

एवढ्यात ज्योतीराम भिंतीकडे बघतच म्हणाले, "कविता म्हणायला लावा म्याडम. लई झ्याक म्हणती. मला पाठ झाली."

"बाबा, तुम्ही झोपा ना!"

"झोप कुठली! रोज ऐकतो की." ते उठून बसले. "लेकरू एवढं जपतंय, म्हणून डोळे मिटून पडतो. म्हण आज. मोठ्यानं."

दिव्याने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली. आणि पोरीने असा सूर लावला, की पत्रे थरथरले. मिनलला पुढचं काही धड दिसेना.

शेजारून भिंतीवर धपाधप बुक्के बसले. "ओ भाऊ, आत्ता डोळा लागला होता! नाइट हाय राव!"

"सॉरी हं," सुमनताई भिंतीपाशी जाऊन कुजबुजल्या. मग दिव्याचा हात धरला. "चल, पुढचं कडवं रस्त्यावर. आणि सोमवारी तुझ्याच वर्गात."

मागे ज्योतीराम घोरू लागले. या वेळी खरोखर.