हक्कीचा ठेका

"आज लई बारीक वाजली की वो हक्की," आत्ती म्हणाल्या आणि अँटेना खाली ठेवून दंड चोळू लागल्या.

मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. आप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि बायकोकडे न बघताच विचारलं, "वाजली? कवा?"

"कवा म्हंजी? आत्ताच की. त्या टाकीच्या अंगाला आलती तवा. तुमी लिवलंसा न्हवं?"

आप्पांनी वही मिटली. मी मात्र कपडे खांद्यावर टाकून सरळ वही उघडली. सुनेनं असं करू नये म्हणतात, पण त्या वहीवरून रोज इंग्रजीत पत्र करून ई-मेलनं उपग्रहवाल्यांना पाठवायचं काम माझं, तेव्हा तेवढा हक्क मला आहे. आप्पांच्या रेखीव अक्षरात तारीख, वेळ, आणि पुढे 'ऐकू आली नाही.' वरच्या ओळीत तेच. त्याच्या वरच्याही ओळीत तेच. अशा एकोणीस ओळी.

आप्पा म्हणजे माझे सासरे, भावकू. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. फौजेत बिनतारी संदेशाचे ऑपरेटर झाले आणि चोवीस वर्षं मोर्सची, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांच्या लिपीची, कटकट ऐकत बसले. लोक त्यानंतर त्या आवाजाचं नावसुद्धा काढणार नाहीत. आमच्या आप्पांनी पिरनवाडीत घर बांधलं आणि पाठोपाठ हौशी रेडिओचा परवाना काढला. लोकांचे सासरे संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर जातात, आमचे आभाळात किती वाजता कुठला उपग्रह उगवतोय ते बघत बसतात. अँटेना घरचाच, नळाच्या पाइपावर सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे आडवे बांधून केलेला. आप्पांनी रेडिओचा स्पीकर लावून बसून ऐकायचं, लिहायचं आणि आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो अँटेना हातात धरून उपग्रह जाईल तसा फिरवायचा. आत्तींनी कधी कुरकुर केली नाही आणि आप्पांनी कधी 'दमलीस काय' म्हणून विचारलं नाही.

हक्की म्हणजे कन्नडमध्ये पाखरू. कन्नड मुलखातल्या एका कॉलेजच्या पोरापोरींनी बनवलेला, पोळ्यांच्या डब्याएवढा उपग्रह. दोन वर्षांपूर्वी तो वर गेला तेव्हा त्याचा पहिला आवाज आप्पांनी पकडला होता. त्या दिवशी आख्ख्या गल्लीला पेढे. दर मिनिटाला हक्की मोर्समध्ये आपलं नाव सांगायची आणि बॅटरीचा आकडा. आता ती खाली खाली येत होती आणि आठवड्याभरात हवेत जळून जाणार होती. नेमका पोरांचा अँटेना वाऱ्यानं मोडलेला. हक्की जिवंत असेल तर दुसऱ्या कॉलेजातून अँटेना मागून आणायचा आणि तिच्याकडून एक शेवटचा फोटो मागवायचा, असा त्यांचा बेत. बाकीच्या गावांतले हौशी लोक कॉम्प्युटर लावून ऐकत होते, पण आवाज इतका बारीक झालेला की कॉम्प्युटरलाही तो सापडेना. त्या पोरांमधली तेजस्वी मला फोनवर म्हणाली होती, "आप्पांना ऐकू येत नाही म्हणजे ती गेलीच." उद्या दुपारी ते तसं जाहीर करणार होते.

"आत्ती, हक्की रोज ऐकू येती काय?" मी विचारलं.

"रोज कुठलं? ह्या आठवड्यात चारदा आली बघ."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मी काय सांगायचं? ऐकायचं काम ह्येंचं, धरायचं माझं."

"तुला काय म्हाईत गं हक्कीच हाय म्हणून?" आप्पा एकदम तडकले. "मोटार असंल कुणाची. न्हायतर शेजारच्या बल्बाचा आवाज."

आत्ती उठल्या आणि गच्चीच्या कठड्यापाशी गेल्या. त्यांनी कठड्यावर हातानं चार थापा मारल्या. जरा थांबून एक थाप, आणि मग तळवा लांब घासला. मग घास-थाप-घास. परत तसंच घास-थाप-घास. शेवटी दोन थापा. भाकरी थापता थापता परातीत फिरवावी तसा तो हात चालला होता.

आत्ती चौथी शिकलेल्या. इंग्रजीतलं ए अक्षर काढता येत नाही. पण लग्न झाल्यावर आप्पा सुट्टीवर आले की ताटावर चमच्यानं मोर्सचा सराव करत बसायचे, आणि आत्ती चुलीपुढं त्याच ठेक्यावर भाकऱ्या थापायच्या. चाळीस वर्षं तो ठेका त्यांच्या हातात मुरलेला.

आप्पा त्या हाताकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. "एच. ए. के, के, आय."

"मला बारीक काय ऐकू येत न्हाय गं जया," ते म्हणाले. "दिवाळीपासनं."

"ते ठावं हाय मला. टीव्ही काय उगंच बोंबलतोय व्हय घरात?"

"मग ह्येचं का बोलली न्हाईस?"

आत्ती घोटाळल्या. "मला वाटलं, माणसांचं ऐकू येत नसंल, पर ह्येचं येतंया. जलमभर त्येचंच तर ऐकलासा."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? ती एकोणीस पत्रं माझ्या हातून गेली होती. पण त्यांना खोटी तरी कसं म्हणायचं? ऐकू आली नव्हतीच. कुणाला, एवढंच लिहिलेलं नव्हतं. आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला की माझा राग जागच्या जागी विरला.

"आप्पा," मी म्हटलं, "नुसतं लिहूया की आज ऐकू आली म्हणून. कुणाला काय कळतंय?"

"न्हाय," आप्पा ताठ बसले. "मागच्या एकुणीस नोंदी रद्द म्हणून लिव. माझं कान गेल्यात, ह्येबी लिव. अगं, फौजंत चुकीचा निरोप गेला तर माणसं मरत्यात. हितं ती पोरं जित्या पाखराला मेलं म्हणून सांगणार हुती माझ्यामुळं. उद्या सकाळी आकडा देतो, तवर थांबा म्हणावं."

मी लिहिलं. 'कान गेले' याला इंग्रजीत बरा शब्द शोधत बसले तर म्हणाले, "सजवू नगंस. हाय तसं लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला आम्ही तिघं गच्चीवर. हेडफोन आत्तींच्या कानाला, पदरावरून. अँटेना माझ्या हातात. आप्पा मांडी घालून बसले, उजव्या हातात पेन, आणि डावा हात त्यांनी आत्तींपुढं पसरला. "हितं वाजव," म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात सुनेदेखत आत्तींनी नवऱ्याचा हात कधी धरला नसेल. आधी पदर सावरला, माझ्याकडं बघितलं, आणि मग त्यांच्या तळव्यावर बोटं टेकली.

"आली!" त्या म्हणाल्या. बोटं चालू लागली आणि मध्येच अडखळली. "चुकलं वो, ऱ्हायलं माझं."

"ऱ्हाऊ दे. मिनिटानं परत सांगंल ती. घाई करू नगंस."

माझा दंड भरून आला होता. बाई गं, हे रोज, दोन वर्षं! एक मिनिट गेलं आणि बोटं पुन्हा चालली. नाव झालं. मग आकडा. घास, घास, थाप, थाप, थाप. "सात," आप्पा म्हणाले. थाप, आणि मागोमाग चार लांब घास. "एक." अक्षर तेच रेखीव. सात पूर्णांक एक व्होल्ट. फोटोला सात पुरे होते. हक्की जिवंत होती आणि तिच्या अंगात फोटो काढण्याएवढा जीवही होता.

वहीत 'ऐकणार' असा एक रकाना होता. दोन वर्षं त्यात एकच नाव. आप्पांनी आज तिथं लिहिलं, जयाबाई. आत्तींनी वाकून ते वाचलं आणि "चला, चहा टाकते" म्हणून घाईघाईनं खाली गेल्या.

पोरांनी अँटेना मागून आणला आणि फोटो तीन दिवसांनी आला. तोही आवाजातूनच येतो, फक्त त्यासाठी हक्की उरलेली सगळी ताकद लावते. किर्र किर्र वाजत राहतं आणि मोबाइलवर एकेक रेघ उमटत जाते. हे आप्पांना डोळ्यांनी बघता येत होतं. वर काळं, मग निळी वाकलेली कड, खाली ढग. अर्ध्यावर आवाज तुटला आणि खालचा भाग कोराच राहिला. तिकडं तेजस्वी फोनवर हसत होती का रडत होती, कळेना. "अज्जींना सांगा," ती म्हणाली, "हा फोटो त्यांचा."

"आपली पिरनवाडी कुठाय ह्यात?" आत्तींनी विचारलं.

"उरलेल्या अर्ध्यात," आप्पा म्हणाले आणि खूप दिवसांनी हसले.

रविवारी सकाळची वेळ शेवटची होती. खरं तर हिशेबानं हक्की आदल्या संध्याकाळीच जळून गेलेली असणार, पण वेळापत्रकात नाव होतं, म्हणून गेलो. मी अँटेना धरला. आत्तींनी हेडफोन लावला आणि आप्पांच्या तळव्यावर हात ठेवला.

टाकीच्या अंगाला यायची वेळ झाली. हात हलला नाही. डोक्यावर यायची झाली. आत्तींनी डोळे मिटून घेतले. डोंगराकडं उतरायची वेळही झाली आणि गेली. मी अँटेना खाली ठेवला, तरी दोघं तशीच, हातावर हात ठेवून बसलेली.

आप्पांनी उजव्या हातानं लिहिलं. तारीख, वेळ, 'ऐकू आली नाही.' ऐकणार, जयाबाई. ते पत्र पाठवताना मला काही खटकलं नाही.

वही मिटायला त्यांना दुसरा हात लागला असता. त्यांनी ती तशीच उघडी राहू दिली.