सातव्या मजल्यावरची वीतभर माती

मी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवरची माती बोलतेय. माझ्या पोटातल्या तमाम गांडुळांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक गोष्ट सोडून. बरं, दोन धरा. भेसळ माझ्यात जन्मजातच आहे, त्याला मी काय करू?

माझ्यात खरी माती जेमतेम चार आणे. बाकी नारळाचा भुसा, कंपोस्ट आणि विटांचा चुरा. हा घाट घातला सहाव्या मजल्यावरच्या चेतनने. कंप्युटर इंजिनिअर पोरगा. कंपनीने त्याला वर्षभर जर्मनीला धाडलं होतं. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. हा छपरावर बाग करायचं वेड घेऊन आला. साल दोन हजार दोन.

माझ्या बरोब्बर खाली, सातव्या मजल्यावर, चेअरमन हिंदुराव. एप्रिलमध्ये त्यांच्या बेडरूमचा तवा व्हायचा, म्हणून ते लगेच हो म्हणाले. पण घराणं मूळचं शेतकऱ्याचं, त्यामुळे सल्ला फुकट.

"चेतनराव, भुसा कसला आणताय? आमच्याकडची काळी माती टाका दोन ट्रक. काठी रोवली तरी पालवी येईल."

"काका, काळी माती भिजली की केवढी जड होते! पालवी राहू दे, सगळं शेत तुमच्या पलंगावर येईल."

हिंदुरावांनी पलंगाचा विचार केला आणि भुशाच्या बिलावर सही केली.

मग आधी स्लॅबवर वॉटरप्रूफिंग. आठ दिवस पाणी कोंडून तपासणी. त्यावर मुळं अडवणारं जाड प्लास्टिक, मग खडी, खडीवर कापड आणि कापडावर मी. वीतभर, जास्त नाही. कठड्याच्या कडेने हातभर रुंद पट्टा नुसत्या गोट्यांचा मोकळा ठेवला. पावसाचं पाणी त्यातून कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीकडे जायचं. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे माझा जीव त्यातच अडकला.

माझी निगा राखायला सोजरबाई आल्या. त्यांचं वावर शहराच्या हद्दीत गेलं. तिथे आता काचेची कंपनी उभी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चिमटीत घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "हलकी हाय. पन बरी हाय." पिंपळाचं रोप दिसलं की त्या ते हळूच उपटायच्या. "माफ कर रं बाबा. हितं नगं, दुसरीकडं जलम घे." स्लॅब फोडणाऱ्याला इतक्या मायेने हाकलताना मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

त्यांनी माझ्यावर ऑफिस टाइमची फुलं लावली. ती दहाला उमलायची. खालून जाणारी आयटी कंपनीची बस तेव्हा थांबायची आणि ड्रायव्हर वर बघून घड्याळ लावायचा.

तिसऱ्या वर्षी गणपती आले. घरोघरी एकच प्रश्न, निर्माल्य टाकायचं कुठे? कचऱ्यात नको. पायाखाली तर नकोच. आणि गच्चीवर तो गोट्यांचा पट्टा रिकामा, तिथे कुणी पाय देत नाही! शिवाय खत होईल. पुण्य आणि खत एकाच पिशवीत. दहा दिवस सगळी सोसायटी मोठ्या श्रद्धेने तिथे हार ठेवून, नमस्कार करून खाली उतरत होती.

मग तीन दिवस पाऊस कोसळला. मी घोटाभर पाण्याखाली गेले. मुळं कुजू लागली, गांडुळं कठड्यावर चढली. हिंदुराव छत्री घेऊन वर आले.

"सोजरबाई, तुम्ही पाणी फार घालता. माझ्या छतावर अख्ख्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा उमटलाय."

"पावसात कोन पानी घालतंय, सायेब?"

"वाद नको. रविवारी मीटिंग. सोमवारी माणसं येऊन हे सगळं खरवडून नेतील. तुम्हीही दुसरं काम बघा."

ते गेल्यावर सोजरबाई टाकीच्या पायरीवर बसून राहिल्या. "एक वावर गेलं," त्या मला म्हणाल्या, "आता ह्ये बी चाललं."

रविवारी कमिटी पँटचे पाय दुमडून वर आली. चेतनचा चेहरा पडलेला.

"काका, एक आठवडा द्या."

"का हो, जर्मनीत पाऊस पडत नाही का?"

आता मात्र मी शेवटचा उपाय केला. कोपऱ्यातून तीन बुडबुडे सोडले. बुडुक, बुडुक, बुडुक. सोजरबाईंनी मान वळवली.

"वावरात पानी तुंबलं तर पिकाला शिव्या देत न्हाईत, सायेब. वाट कुठं बुजली, त्ये बघत्यात."

पदर खोचून त्यांनी कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढला. हाराचा दोरा आला. मग दुसरा, मग दहावा. फुलं कुजली होती. दोऱ्यांची जाळीवर वेणी झाली होती. शेवटी आला जाडजूड हार, खाली सोनेरी जरीचा गोंडा.

"ह्यो तर तुमच्याच गनपतीचा, सायेब. परसादाला आले तवा बघितला हुता."

सगळे हिंदुरावांकडे बघू लागले. हिंदुराव आभाळाकडे.

तेवढ्यात घळघळ असा आवाज झाला. काय सांगू! नाकातोंडातलं पाणी निघून गेलं, खडीतून वारा आला आणि मी श्वास घेतला. एक गांडूळ तर आनंदाने सरळ उभं राहिलं.

"मीटिंग रद्द," हिंदुराव म्हणाले. "सोजरबाई, सोमवारी नेहमीसारख्या या. आत्ता खाली चला, चहा घेऊ. आणि चेतनराव, हसू नका!"

साचलेलं पाणी वॉटरप्रूफिंगच्या काठावरून आत शिरलं होतं. दिवाळीत चेतनने तो काठ उंच करून घेतला. आता मी बारा वर्षांची, म्हणजे गच्चीच्या हिशेबाने चाळिशीतली. निर्माल्याला खाली पिंप आहे; दोरे काढून झालेलं खत मलाच मिळतं. मे महिन्यात सोजरबाई आधी जाळी साफ करतात, मग माझ्याकडे बघतात. हिंदुराव एप्रिलात चादर पांघरून झोपतात.

आता त्या दोन गोष्टी. बस कधीच थांबली नाही. ड्रायव्हरकडे चांगलं घड्याळ होतं.

आणि बुडबुडे मी सोडले नव्हते. मी गप्प बुडाले होते. जाळी सोजरबाईंनी त्यांच्याच अकलेने शोधली. दुसऱ्याचं श्रेय घ्यायची सवय मला कमिटीकडून लागली. तेव्हा तुमच्या छपरावर माझी कुणी बहीण असेल, तर पावसाआधी जाळीत एकदा हात घालून बघा. ती काही बुडबुडे सोडणार नाही.