खंडेनवमीचं इंजिन

२०१८ साल होतं. आषाढात आमच्या छोट्या पांढऱ्या गाडीचं इंजिन भर रस्त्यात फुटलं आणि श्रावणात डॉक्टरांनी यांच्या उजव्या हाताच्या थरथरीला नाव दिलं. हे म्हणजे माझे यजमान, चिंतामणी. अंबरनाथच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं फिटर होते. मीही तिथेच, तपासणी विभागात. यांनी केलेले भाग माझ्या टेबलावर यायचे आणि मी ते पास नाहीतर नापास करायची. लग्नाच्या आधीपासून.

आमचा मुलगा शौनक पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारात द्या ती गाडी. मी नवी घेऊन देतो."

"दे की. तोवर हिला दुसरं इंजिन बसवतो. घरीच."

फोन ठेवून हे माझ्याकडे वळले. "वर्षभरात हात ऐकायचा बंद होईल म्हणतात. ऐकतोय तोवर एक इंजिन मला पुरतं खोलून पुन्हा बांधायचंय. शेवटच्या बोल्टापर्यंत, माझ्या हातानं. मग बसतो मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प पाचला गेलो.

होतूभाईंचं भंगाराचं आवार मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. गाड्यांची दारं एकावर एक रचलेली, आणि त्यांच्या आरशांतून तुकड्यातुकड्यांनी ढग चाललेले. कुठल्या कुठल्या गाड्या, कुठल्या माणसांना कुठे घेऊन गेलेल्या, आता सगळ्या गवतात गप्प बसल्या होत्या. हे एकेका इंजिनापाशी वाकत, बोटांनी टकटक करत, कान लावत होते.

"साईं, इंजिन आहे, कलिंगड नाही!" होतूभाई खुर्चीवरून ओरडले. "थापटके क्या देख रहे हो?"

"गोड आहे का बघतोय," हे म्हणाले.

अपघातात पुढून चेपलेल्या एका गाडीचं इंजिन यांनी निवडलं. तीन सिलिंडरचं, आमच्याच गाडीच्या जातीचं. इंजिनाच्या मागचं चाक पान्याने फिरवलं तेव्हा ते जडपणे, पण फिरलं. होतूभाईंच्या टेम्पोतून ते आमच्या खरवईच्या घरी आलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी पाटावर बसलं.

पुढचा महिना मला स्वप्नासारखा आठवतो. सकाळी पारिजातकाचा सडा आणि त्यात रॉकेलचा वास. हे एकेक भाग सोडवायचे, मी तो मोरीत नेऊन ब्रशने घासायची. हवा आत घेणाऱ्या नळात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. ते मी नखाने हलकेच काढलं, तर आत वाळलेली, कागदासारखी पिल्लं. किती दिवस थांबलं होतं हे इंजिन उघड्यावर! दुपारी पडल्या पडल्या मला वाटायचं, ते शेडमध्ये हळूच श्वास घेतंय.

शेजारची विठा भाजी घेऊन आली की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "वयनी, भांडी सोडून यो काय घासताव?"

"सवत आहे. यांनी कॅम्प पाचहून आणलीय."

"जड दिसतं. नांदंल बरी!"

यांचा हात सकाळी दहापर्यंत बरा असायचा. तेवढ्यातच काम. पिस्टनवर नव्या रिंगा बसवण्याआधी मी त्यांच्या फटीत मापाच्या पातळ पट्ट्या घालून बघायची. सगळ्या भागांवरून बोट फिरवायची. हे स्टुलावर बसून, फॅक्टरीतल्यासारखे, वाट बघायचे.

"पास?"

"पास."

सगळ्यात अवघड होतं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात. त्याचे आठ बोल्ट ठरावीक क्रमाने, ठरावीक जोराने आवळायचे. त्यासाठी खास पाना असतो. जोर पुरेसा झाला की तो टक् असा वाजतो. आठ बोल्टांना यांना तीन सकाळी लागल्या. शेवटचा टक् झाला तेव्हा हे घामाने निथळत होते आणि हसत होते. "झालं. आता या हाताला जे करायचं ते करू दे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. फॅक्टरीत या दिवशी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचं. मी इंजिन पुसलं, पाटाभोवती रांगोळी काढली. विठाने झेंडू आणि भाताची लोंबी आणली. वरच्या, हवा आत घेणाऱ्या नळाच्या तोंडात यांनी तेलकट चिंधी कोंबली होती. देवापुढे ती घाण वाटली म्हणून मी काढून ठेवली. कुंकू लावलं, फूल ठेवलं, डोळे मिटले आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या.

"आता मुहूर्ताच्या दोन फेऱ्या," म्हणत यांनी पान्याने इंजिन फिरवलं. आतून हवा ओढल्याचा आवाज आला. हुश्श. झोपेतून उठणाऱ्या मुलासारखा. विठाने हात जोडले.

मग चिंधी परत घालताना मला दिसलं. नळाच्या काठाला अक्षतांचे दोन कुंकवाळलेले दाणे चिकटले होते. बाकीचे कुठे गेले असतील ते मला लगेच कळलं.

मी दसराभर गप्प राहिले. हे आल्यागेल्याला इंजिन दाखवत होते. "स्वतः बांधलं," म्हणत होते. सांगितलं तर हेड उतरवावं लागणार, आठही बोल्ट पुन्हा, आणि त्या हातात आता तेवढं उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. इंजिन कदाचित चालेल, कदाचित झडप अडकून मोडेल, आणि दोष यांच्या हाताचा ठरेल.

तिसऱ्या दिवशी विठाचा नवरा बाळाजी इंजिन उचलायला बांबूंची तिकटी आणि साखळीची पुली घेऊन यायचा होता. त्याच्या आधी, चहाच्या वेळी, मी सांगून टाकलं.

यांनी कप खाली ठेवला.

"किती?"

"चिमूटभर."

"तुकडे की अख्खे?"

"अहो, अक्षता अख्ख्याच असतात."

"असतात ना, तुझ्या हातच्या तर निवडून!" हे चिडले. मग आवाज खाली आला. "तांदूळच आहे गं. जळून जाईल."

"झडपेखाली बसला तर?"

"नाही बसत. चाळीस वर्षांत एकदा तरी डोळे मिटून पास कर."

"डोळे मिटले म्हणूनच झालं ना हे," मी म्हटलं. "नाही करत."

हे उठून शेडमध्ये गेले. बाळाजी आला, त्याला मी परत पाठवलं. आतून पाना घसरून पडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी गेले तेव्हा हे भिंतीला टेकून उभे होते आणि उजवा हात डाव्याने धरला होता.

"घे," म्हणाले. "मी सांगतो, तू सोडव."

मी सोडवले. बोल्ट सोडवताना एवढा जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. हेड उचललं. पहिल्या दोन सिलिंडरांत काही नव्हतं. तिसऱ्यात, चकचकीत पिस्टनवर, तेलात बुडालेले तीन लाल दाणे. चौथा झडपेच्या कडेला रुतला होता. हे चष्मा वर करून त्याच्याकडे बघत राहिले. मग चिमट्याने तो मीच काढला, नळात अडकलेले बाकीचेही.

हेडखाली घालायचं नवं गॅस्केट कॅम्प पाचहून आलं. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून हे स्टुलावर बसून सांगत गेले, "आता समोरचा. आता कोपऱ्यातला. घाई नको." सात बोल्ट मी आवळले. आठव्याला हे उठले.

"सरक."

मी चहा टाकायला आत गेले. मला ते बघायचं नव्हतं. चहा उकळला, आटला, मी पुन्हा पाणी घातलं. ऊन मोरीवरून सरकत दारापर्यंत आलं. मग शेडमधून टक् ऐकू आलं.

दोन आठवड्यांनी, दिवाळीच्या आधी, गाडी सुरू झाली. तिसऱ्या किल्लीला धूर ओकली आणि मग अशी मऊ चालत राहिली की विठाने विचारलं, "बंद पडली का?"

त्यानंतर यांनी पाना हातात धरला नाही. मागितलाही नाही. चार वर्षं माझ्याबरोबर मागच्या सीटवर बसून गाडीचा आवाज ऐकायचे. २०२३ च्या माघात गेले. होतूभाईंच्या आवारावर आता इमारत उभी आहे. ते मुलीकडे इंदूरला असतात. बाळाजी-विठाच्या भातशेतावरही इमारत झाली आणि ती दोघं तिथेच चौथ्या मजल्यावर राहतात. विठा लिफ्टला घाबरते, जिन्याने येते. शौनकने इंजिनाचा नंबर गाडीच्या पुस्तकात चढवून घेतला आणि नव्या गाडीचं पुन्हा कधी बोलला नाही. गाडी बाळाजीची सून कीर्ती चालवते. सोमवारी मला अंबरनाथला शिवमंदिरात नेते.

मी खरवईलाच आहे. गेल्या महिन्यात गाडी अडखळायला लागली तेव्हा प्लग काढून मीच साफ केले. कीर्ती म्हणाली, "काकू, गॅरेजला दाखवू या ना." मी म्हटलं, दाखवू, पण मी पास केल्यावर.