पऱ्हाटीच्या कोळशाचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, पण माझ्यात पाणी राहत नाही. माझी माती ओली असतानाच कुंभारानं बुडाला बारीक भोकं पाडली, कारण मनकर्णाबाईंनी त्याला तसंच सांगितलं होतं.

बाईंचं गाव तेल्हाऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होतं. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी मागणी आली. ज्वारीच्या शेतांतही कापूस उभा राहिला. कापसानं लादलेल्या गाड्या बाईंच्या विहिरीपाशी मुक्काम करू लागल्या. बैलांचं शेण, माणसांची घाण, सारं पावसाबरोबर विहिरीत उतरलं. पाणी गढूळ झालं, त्याला वास येऊ लागला.

शेतात वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या काड्यांचे, ढीग पडले होते. बाईंनी त्या खड्ड्यात पेटवल्या, वर माती लोटली आणि त्यांचा कोळसा केला. तो कुटून माझ्यात वाळूवर अंथरला. विहिरीचं पाणी आधी हंड्यात खळखळ उकळायचं, निवलं की माझ्यात ओतायचं. खालच्या घागरीत पडे ते नितळ, बिनवासाचं. गाडीवान माझं कौतुक करत. हंड्याकडे कुणी पाहत नसे.

पुढं लेकीच्या बाळंतपणासाठी बाई वरूडला गेल्या. जाताना मुलाला, सहदेवला, आणि सून जमुनेला बजावून गेल्या, की उकळल्याशिवाय पाणी ओतायचं नाही आणि कोळसा बदलत राहायचा.

गाड्या वाढतच होत्या. तहानलेली माणसं दारात खोळंबून असत. एके दिवशी सहदेवनं हंड्याखाली जाळ केलाच नाही, विहिरीचं पाणी तसंच माझ्यात ओतलं. जमुनेनं विचारलं, तेव्हा त्यानं खालच्या घागरीतला लोटा उजेडात धरला.

"पाह्य ना, आरशावानी पाणी हाये. उकळाले कावून पायजे?"

"आत्याबाई सांगून गेल्या व्हत्या," जमुनेनं सासूची आठवण करून दिली. पण पाणी खरंच नितळ होतं, म्हणून ती पुढची घागर भरायला विहिरीवर गेली.

तेव्हापासून कच्चंच पाणी माझ्यातून झिरपू लागलं. गाळ अडकला, वासही अडकला. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते मात्र खाली घागरीत चाललं होतं. मला ते अडवता येत नव्हतं.

आधी एक गाडीवान बाभळीखाली आडवा झाला, मग आणखी दोघं. ऊन लागलं असेल, असं लोक म्हणाले आणि त्यांना माझंच पाणी पाजत राहिले. बघता बघता उलट्या-जुलाबांची पटकी गावभर पसरली. मानेवर जू घेऊन बैल विहिरीपाशी तसेच उभे असत; त्यांना सोडायला माणूस उरला नव्हता. मग जमुना पडली. तिची तहान भागेना. सहदेव तिला घागरीतलाच लोटा भरभरून देत राहिला, कारण गावात त्याहून स्वच्छ पाणी नव्हतं. जमुना वाचली नाही.

मनकर्णाबाई परतल्या तेव्हा, हा रांजणच रोग पाजतो, असं म्हणत लोक काठ्या घेऊन मला फोडायला आले होते. बाईंनी हंड्याखालची गार राख पाहिली आणि त्या आडव्या उभ्या राहिल्या.

"त्यानं गाळन्याचं काम केलं," त्या म्हणाल्या. "उकळाचं काम आमचं व्हतं."

लोक निघून गेले. बाईंनी मला रिकामं करून घासलं, उन्हात वाळवलं आणि नवा कोळसा भरला. मग हंड्याखाली जाळ करून सहदेवला समोर बसवलं. पाण्याला उकळी फुटेपर्यंत त्यांनी त्याला उठू दिलं नाही.

मित्रांनो, मला वेळेवर घासा, माझा कोळसा बदला, एवढं तर मी मागेनच. पण नितळ पाण्याचा लोटा हातात आला, की ते उकळलं होतं का, हे ओठाला लावण्याआधी विचारा. माझ्यातून मरणही नितळच बाहेर पडतं.